गुरुत्वनिचऱ्याने तेल काढताय? या चुका टाळा

गॅस तेलापेक्षा हलका. विहिरीतून तेल निघेल तसा वरच्या गॅस कॅपमधला (तेलावर साठलेल्या गॅसच्या थरातला) गॅस पसरत खाली येतो आणि तेल खडकाच्या छिद्रांतून तळाकडे झिरपतं; हाच गुरुत्वनिचरा. खडक पारगम्य (द्रव-वायू सहज वाहू देणारा), थर उताराचे आणि तेल पातळ असेल, तर साठ्यातलं निम्म्याहून जास्त तेल असं हाती लागू शकतं. केवळ तेलात विरघळलेल्या गॅसच्या जोरावर काढलं, तर आकडा बहुधा ५ ते ३० टक्क्यांतच अडकतो.

सगळ्यात महागात पडते ती घाई. तेल किती वेगाने उतरणार हे पारगम्यता, थराचा उतार, तेल-गॅसच्या घनतेतला फरक आणि तेलाचा दाटपणा ठरवतात. मासिक उद्दिष्टाशी त्याला काही देणंघेणं नसतं. त्याहून जास्त उपसा केला की गॅस तेलाला मागे टाकून विहिरीत घुसतो आणि गॅस-तेल गुणोत्तर (तेलामागे किती गॅस निघतो ते) चढू लागतं.

अशा वेळी लगेच वर्कओव्हर रिग (विहीर दुरुस्तीचं यंत्र) मागवू नका. आधी चोक (विहिरीचा प्रवाह आवरणारी झडप) लहान करून विहीर स्थिरावू द्या. गुणोत्तर खाली आलं तर बहुतेक कोनिंगच आहे, म्हणजे जास्त उपशामुळे गॅस विहिरीभोवती शंकूसारखा खाली ओढला गेलाय. कमी दरावर विहीर चालवा. नाही आलं, तर गॅस-तेल सीमा खरोखरच परफोरेशनपर्यंत (तेल आत येण्यासाठी पाडलेल्या छिद्रांपर्यंत) उतरली असेल किंवा केसिंगमागचं (विहिरीच्या पोलादी नळीमागचं) सिमेंट फुटून गॅसला वाट मिळाली असेल. तापमान लॉग (विहिरीत उपकरण सोडून खोलीनुसार घेतलेली नोंद) इथे फार कामाचा: गॅस पसरताना थंड होतो, त्यामुळे तो शिरतो त्या खोलीवर आलेखात गारव्याची खाच दिसते. न्यूट्रॉन लॉगवरून सीमा कुठवर आली ते कळतं. मग वरची परफोरेशन सिमेंटने बंद करून खाली नवी मारता येतात. खाली पाणी असेल तर मात्र फार खोल जाऊ नका.

गाभ्याचे (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दंडगोलाचे) नमुने फक्त आडवे कापून पारगम्यता मोजणं ही दुसरी नेहमीची चूक. तेलाला खाली जायचंय, तेव्हा उभी पारगम्यता मोजायलाच हवी. मधला शेलचा (चिकणमातीच्या घट्ट खडकाचा) पातळ पण सलग पसरलेला थरही निचरा अडवतो.

गॅस कॅपमधला गॅस लवकर विकून टाकण्याचा मोहही आवरा. कॅपचा दाब घटला की तेल वर सरकून कोरड्या खडकात शिरतं आणि त्यातलं बरंच तिथेच चिकटून राहतं.

भेगाळ चुनखडकात हिशेब आणखी वेगळा. भेगांमधल्या ठोकळ्यांची उंची कमी असेल, तर केशाकर्षण (बारीक छिद्रांची द्रव धरून ठेवण्याची ओढ) तेल सोडत नाही आणि गुरुत्वाचं काही चालत नाही. शिवाय भेगांतून गॅसची सीमा भराभर उतरते. मेक्सिकोच्या कांतारेल तेलक्षेत्रात २००० साली दाब टिकवण्यासाठी नायट्रोजन सोडायला सुरुवात झाली. २००४ च्या सुमारास उत्पादन रोज २० लाख बॅरलच्या वर गेलं आणि पुढे झपाट्याने घसरलं. सीमा खाली येईल तशा विहिरी गॅसच्या थरात सापडत गेल्या. अशा साठ्यात कोणती विहीर कधी बंद करायची, हे सीमेच्या नोंदी पाहून आधीच ठरवलेलं बरं.

प्रयोगशाळेतली चाचणीही गॅस बाहेर पडू लागला म्हणून थांबवू नका. त्यानंतरही छिद्रांच्या भिंतींवरून तेलाचे पातळ थर बराच काळ ओघळत राहतात. ते मोजले नाहीत, तर खडकात उरणाऱ्या तेलाचा अंदाज फुगतो आणि चांगला साठा कागदावरच नापास होतो.