बालसंधिवातातला काचबिंदू: डायोड लेसरआधीची तयारी

बालसंधिवात असलेल्या मुलाला काचबिंदू झाला, तर डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी डायोड लेसर देतात. त्याआधी डोळ्यातली सूज तपासून घ्या. बालसंधिवातातल्या युव्हिआयटिसमध्ये (डोळ्याच्या आतल्या सुजेत) बहुतेकदा डोळा लाल होत नाही, मूल तक्रार करत नाही, तरी आत सूज धुमसत असते. त्यामुळे लेसरच्या आधीच्या दिवसांत स्लिट लॅम्पवर (डोळा आतून मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) तपासणी झालेली हवी. सुजलेल्या डोळ्यावर लेसर दिलं तर सूज आणखी उसळू शकते. दाब फारच चढला असेल तर डॉक्टर वाट पाहत बसत नाहीत. स्टेरॉइड वाढवून पुढे जातात.

मेथोट्रेक्सेट किंवा अ‍ॅडालिम्युमॅब ही संधिवाताची, सूज आवरणारी औषधं स्वतःच्या मनाने थांबवू नका. डोस नेमका लेसरच्या दिवशी येत असेल तर संधिवाततज्ज्ञांना आधीच विचारा. दाबाचे थेंबही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायचे नाहीत.

मुलांना पूर्ण भूल लागते, म्हणून भूलतज्ज्ञांशी बोलणं सर्वांत महत्त्वाचं. मान आखडते का, जबडा नीट उघडतो का, हे न विचारताही सांगा. संधिवातात श्वासनळीत नळी घालणं अवघड जाऊ शकतं. तोंडी स्टेरॉइड किती दिवस, किती मिलिग्रॅम चाललंय तेही सांगा, कारण त्याने शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड कमी पडतं आणि भुलेच्या वेळी जादा डोस द्यावा लागू शकतो. दाबाचे थेंब कोणते चालू आहेत तेही सांगा: टिमोलॉलने दमा बळावू शकतो, नाडी मंदावू शकते; ब्रिमोनिडिनने लहान मुलं गुंगू शकतात. थेंबांच्या बाटल्याच सोबत न्या, नावं आठवत बसू नका. अ‍ॅसिटाझोलामाइड (डोळ्याचा दाब कमी करणारं पोटात घ्यायचं औषध) चालू असेल तर रक्तातल्या पोटॅशियमचा रिपोर्ट जोडा, कारण त्याने पोटॅशियम कमी होऊ शकतं.

साधारणपणे जेवण आणि दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. रुग्णालयाने वेगळं सांगितलं तर तेच पाळा. ताप, खोकला किंवा कांजिण्यांचा संपर्क झाला असेल तर निघण्याआधी फोन करा.

लेसर डोळ्यातलं पाणी बनवणाऱ्या सिलियरी बॉडीचा काही भाग निकामी करतं. दीर्घ सुजेने ती आधीच दुबळी झालेली असते, म्हणून या मुलांना मात्रा जपून देतात. जास्त झालं तर दाब फार उतरून डोळा आकसू शकतो. कमी पडलं तर पुन्हा करावं लागतं. संमतीपत्रावर सही करण्याआधी हे विचारून घ्या. खरा परिणाम कळायला ४ ते ६ आठवडे लागतात.

घरी स्टेरॉइड आणि अ‍ॅट्रोपिनचे थेंब आणून ठेवा. अ‍ॅट्रोपिनने जवळचं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो, तेव्हा शाळेला कळवा. दुखणं वाढलं, उलट्या झाल्या किंवा नजर अचानक कमी झाली तर रात्री कुणाला फोन करायचा, तो नंबर घरी निघण्याआधी लिहून घ्या.