अमिश गावांकडे जायचंय? मग हॉटेल बुक करायच्या आधी वार बघा

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टरला अमिश लोक, म्हणजे मोटार न ठेवता घोडागाडीने फिरणारे, जुन्या साध्या पद्धतीने राहणारे ख्रिस्ती पंथाचे लोक, बघायला म्हणून जाणारे बरेचसे रविवारी जातात आणि तिथेच सगळं गंडतं. रविवारी त्यांची दुकानं बंद, शेताच्या कडेचे स्टॉल बंद, कामं बंद, मग माणूस रूट ३० या हायवेवरच्या आउटलेट मॉलमध्ये फिरतो, टुरिस्टांसाठी उभ्या केलेल्या पाट्यांसोबत फोटो काढतो आणि घरी येऊन सांगतो की काही खास नाही तिकडे. अहो, खास आहे, फक्त त्यांच्या आठवड्याप्रमाणे जायला पाहिजे.

सोमवार हा कपडे धुवायचा दिवस. घरापासून कोठाराच्या टोकापर्यंत पुलीवर ओढलेली उंच दोरी असते, त्यावर एका रांगेत काळ्या पँटी, मग शर्ट, मग निळे, जांभळे, हिरवे झगे, सगळे साधे एकरंगी, मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीने लावलेले, नुसत्या दोरीकडे बघून घरात किती पोरं आहेत याचा अंदाज येतो. गाडीतूनच बघा, कुणाच्या अंगणात शिरू नका. मंगळवार आणि गुरुवार हे लग्नाचे वार. लँकेस्टरकडे पिकं निघाली की नोव्हेंबरभर लग्नं चालतात, घरच्याघरी, शेकडो पाहुणे, आणि टेबलावर फुलांऐवजी बरण्यांत उभी केलेली सेलरी. तुम्हाला कोणी बोलावणार नाही हे उघड आहे, पण त्या दिवसांत एखादं दुकान अचानक बंद दिसलं तर वैतागू नका, मालक लग्नाला गेलाय. शुक्रवारी एफ्राटाजवळचा ग्रीन ड्रॅगन बाजार, आणि लँकेस्टर शहरातलं सेंट्रल मार्केट मंगळवार, शुक्रवार, शनिवार चालू असतं. शूफ्लाय पाय (pie) म्हणजे काकवी भरून भाजलेला गोड पदार्थ, तो एकदा खाऊन बघा, मला स्वतःला फार गोड लागतो. चाउ-चाउ नावाचं मिक्स भाज्यांचं लोणचं मात्र बरणीभर घ्या.

रोख पैसे ठेवा, सुटे ठेवा. शेताच्या कडेला टेबलावर भाज्या, अंडी, घरची रूट बिअर (नावालाच बिअर, गोड सरबतासारखं पेय) आणि शेजारी पैशांचा डबा, कधीकधी माणूसच नसतो, हिशोब तुमचा तुम्ही करायचा. काही दुकानांत कार्ड चालतं पण त्या भरवशावर जाऊ नका.

आता ड्रायव्हिंग, कारण खरा धोका इथेच आहे. घोडागाडी ताशी ८-१० मैलांनी चालते, तुम्ही ५० ने येताय, म्हणजे चढ ओलांडल्याबरोबर ती समोर दिसेपर्यंत तुम्ही जवळजवळ तिच्यावर गेलेले असता. मागचा केशरी त्रिकोण, म्हणजे हळू चालणाऱ्या वाहनाची खूण, दिसला की लगेच स्पीड कमी करा, पण त्रिकोणावरच अवलंबून राहू नका, काही फारच कर्मठ गट तो लावत नाहीत, नुसती चमकणारी पट्टी लावतात. पुढचं स्वच्छ दिसेपर्यंत ओव्हरटेक करायचं नाही, करताना लांबून करायचं, आणि हॉर्न अजिबात नको. बरेचसे घोडे रेसच्या ट्रॅकवरून आलेले असतात, गाड्यांची सवय असते, पण कानाजवळ हॉर्न वाजला तर कुठलंही जनावर बिचकणारच. रात्री तर अजूनच सांभाळून. ओहायोत २०२२ पासून घोडागाडीला मागे लुकलुकणारा दिवा लावणं कायद्याने सक्तीचं झालं, त्यावरूनच समजा प्रश्न किती गंभीर आहे.

फोटोचं सांगायलाच नको, पण तरी सांगतो, चेहरा दिसेल असा फोटो काढू नका. शेत, कोठार, लांबून जाणारी गाडी इथपर्यंत ठीक. मूर्ती-प्रतिमा नकोत असा बायबलचा आधार आहे आणि पोज देऊन उभं राहणं म्हणजे गर्व असं ते मानतात. लहान मुलांना चॉकलेट देऊन उभं करणारे टुरिस्ट पाहिलेत, फार चीड येते. आणि निकेल माइन्स गावची अमिश शाळा शोधत फिरू नका, २००६ च्या ऑक्टोबरात तिथे गोळीबार झाला, पाच मुली गेल्या, काही दिवसांतच ती इमारत पाडली आणि मुलांसाठी दुसरीकडे नवी शाळा बांधली, बघण्यासारखं तिथे काही ठेवलेलंच नाही.

बोलायला मिळालं तर बोला, दुकानात हवा आणि पीकपाणी यावरून छान गप्पा होतात. फक्त 'तुम्ही वीज वापरत नाही पण फ्रीज कसा' असली उलटतपासणी नको. फ्रीज प्रोपेन गॅसवर चालतो, सुतारकामाची मशीनं दाबलेल्या हवेवर, बॅटरी आणि सोलर बऱ्याच ठिकाणी आहे, नको असते ती बाहेरून येणारी वीजेची तार. काय चालेल आणि काय नाही हे साधारण २० ते ४० कुटुंबांची एकेक चर्च-मंडळी आपापसात ठरवते, म्हणून दहा मैलांवर नियम बदललेले दिसतात. लँकेस्टरच्या घोडागाड्या करड्या, ओहायोतल्या काळ्या. अमेरिका-कॅनडात मिळून आता ४ लाखांच्या आसपास अमिश आहेत, सगळ्यांना एकच नियम असेल कसा.

एकच दिवस हाताशी असेल तर माझं मत, वसंतातला मड सेलचा, म्हणजे चिखलातल्या लिलावाचा, शनिवार पकडा. गॉर्डनव्हिलचा मार्चच्या दुसऱ्या शनिवारी असतो. गावच्या अग्निशमन दलासाठी लिलाव, गोधड्या, घोडे, जुन्या बग्ग्या, नांगर, सगळं एकाच वेळी वेगवेगळ्या कोपऱ्यात विकलं जातं, आणि जमीन नुकती वितळलेली असते त्यामुळे चिखल खरंच घोट्यापर्यंत, गमबूट घाला. आधी टेबलावर नाव नोंदवून बोलीचा नंबर घ्या. लिलाववाला इतका भरभर बोलतो की सुरुवातीला एक अक्षर कळत नाही, थोडा वेळ नुसतं ऐका, आणि ओळखीचं कोणी दिसलं म्हणून हात हलवू नका, गोधडी गळ्यात पडेल. त्या दलात अमिश पुरुषही स्वयंसेवक असतात, आग विझवायला जातात, फक्त बंबाचं स्टिअरिंग हातात घेत नाहीत.

आणि घरबसल्या त्यांच्या बातम्या हव्या असतील तर 'द बजेट' मागवा. ओहायोतल्या शुगरक्रीकमधून १८९० पासून निघणारं साप्ताहिक. गावोगावचे लोक पत्रं लिहून पाठवतात तीच बातमी, सुरुवातीला हवामान, मग रविवारची प्रार्थना कोणाच्या घरी झाली, पाहुणे कोण आले, कोणाला बाळ झालं, कोण शिडीवरून पडलं. राजकारण जवळपास नाहीच. पहिल्या अंकात काही संदर्भ लागणार नाही कारण आडनावं तीच तीच, लँकेस्टरला स्टोल्ट्झफस, ओहायोत योडर आणि मिलर. म्हणून अख्खा पेपर वाचायच्या भानगडीत पडू नका, एकच गाव निवडा आणि दर आठवड्याला तेवढंच पत्र वाचा. कोठार जळाल्याची ओळ आली की पुढचे अंक चुकवू नका, बऱ्याचदा त्याच जागी नवं कोठार उभं राहिल्याची आणि कामाला किती माणसं आली त्याची खबर मागोमाग येते. आजारी माणसांना कार्डं पाठवा अशी विनंती आणि पत्तेही छापतात, कार्ड पाठवायचं असेल तर दोन ओळी हाताने लिहून पाठवा.