'बोर्ड गेला' म्हणण्याआधी : ईएसपी३२ आणि पिन १२

ब्लिंक चालवता येतो, अर्डुइनो आयडीईत बोर्ड निवडता येतो, हे धरून चालतो. इथे बोलतोय ते साध्या ईएसपी३२ डेव्हकिटबद्दल, म्हणजे वायफायवाल्या ईएसपी३२ चिपच्या तयार बोर्डाबद्दल : ३० किंवा ३८ पिना, वर पत्र्याचं झाकण असलेलं व्रूम-३२ मॉड्यूल. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला 'ईएसपी द्या' म्हटलं की सहसा हाच हातात पडतो.

पोर्ट दिसत नसेल तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतातच; बोर्डावरचा लाल दिवा लागतो आणि माणूस ड्रायव्हर शोधत बसतो. केबल ठीक निघाली तर यूएसबी सॉकेटजवळची चिप बघा : सीपी२१०२ असेल तर सिलिकॉन लॅब्सचा ड्रायव्हर, सीएच३४० असेल तर डब्ल्यूसीएचचा. लिनक्सवर ड्रायव्हर आधीच असतो, फक्त युजरला डायलआउट ग्रुपमध्ये टाकून एकदा लॉगआउट करा. उबुंटू २२.०४ वर पोर्ट येतो आणि लगेच गायब होतो? ब्रेल डिस्प्लेसाठीचं बीआरएलटीटीवाय पॅकेज तो बळकावतं. लागत नसेल तर काढून टाका.

अपलोड करताना 'कनेक्टिंग' पुढे टिंबंच टिंबं येत राहिली तर बूट बटण दाबून धरा, लिहायला सुरुवात झाली की सोडा. दर वेळी हेच करावं लागत असेल तर ईएन (रीसेटची पिन) आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ ते १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, प्लसचा पाय ईएनला. ईएन थोडा उशिरा 'वर' (३.३ व्होल्टकडे) येतो, तोवर पिन ०, म्हणजे बूट बटणाची पिन, 'खाली' (शून्य व्होल्टकडे) गेलेली असते आणि चिप डाउनलोड मोडमध्ये, नवा प्रोग्रॅम घ्यायच्या तयारीत, जागी होते.

आता मूळ दुखणं. जीपीआयओ १२, म्हणजेच पिन १२.

चिप जागी होताना ०, २, ५, १२ आणि १५ या पिनांवर काय आहे ते वाचून घेते. यांना स्ट्रॅपिंग पिन म्हणतात. त्यातली १२ फ्लॅश मेमरीला किती व्होल्ट द्यायचे ते ठरवते. खाली असेल तर ३.३, वर असेल तर १.८. व्रूममधली फ्लॅश ३.३ ची. म्हणजे चालू होण्याच्या त्या क्षणी १२ वर कुणी ३.३ व्होल्ट टेकवले, की फ्लॅशला अर्धपोटी ठेवलं जातं, प्रोग्रॅम वाचला जात नाही आणि बोर्ड रीसेट होत राहतो.

तुम्ही म्हणाल, १२ ला हात लावतोय कोण? एसडी कार्ड लावतं. कार्ड चिपशी एसपीआय नावाच्या चार तारांच्या जोडणीने बोलतं, आणि चिपवर तिचे दोन संच आहेत, एचएसपीआय आणि व्हीएसपीआय. एचएसपीआयच्या ठरलेल्या पिना बघा : क्लॉक १४, मोसी १३, मिसो १२, सिलेक्ट १५. एसडी मॉड्यूलवर मिसोला (कार्डाकडून चिपकडे येणाऱ्या तारेला) बहुधा १० के चा पुलअप, म्हणजे वर ओढणारा रेझिस्टर, असतो. चिपच्या आतला पुलडाउन, म्हणजे खाली ओढणारा, साधारण ४५ के चा. दोघांच्या ओढाताणीत पिनेवर २.७ व्होल्ट उरतात, चिप २.४७५ च्या वरचं सगळं 'वर' समजते. संपला विषय. बाहेरून आणखी १० के ने खाली ओढलं तरी पिन दीड व्होल्टच्या आसपास लटकते, ना इकडे ना तिकडे. एखाद दिवस चालेल, मग नाही.

यातला खरा वात्रटपणा असा, की बोर्ड चालू झाल्यावर मॉड्यूल जोडलं तर सगळं सुरळीत चालतं, कारण पिन फक्त रीसेटच्या वेळी वाचली जाते. टेबलावर डेमो होतो, टाळ्या पडतात. बोर्ड शेतातल्या पंपाच्या पेटीत बसवला जातो. लाईट जाते, येते, आणि बोर्ड उठत नाही.

अशा वेळी सिरियल मॉनिटर ११५२०० वर उघडा, ईएन दाबा आणि सुरुवातीची 'बूट' शब्द असलेली ओळ वाचा. त्या शब्दापुढे एक आकडा असतो, हेक्समध्ये. पिन ० 'वर' असेल तर त्यात तिचे १०, पिन १५ चे २, पिन ५ चा १. निरोगी बोर्डावर बेरीज १३. पिन १२ चे २०. म्हणजे ३३ दिसलं आणि खाली 'फ्लॅश रीड एर, १०००' आलं, की दोषी १२ च, दुसरं कुणी नाही. ०३ दिसलं तर पिन ० खाली दबलेली आहे, बोर्ड डाउनलोड मोडमध्ये वाट बघतोय. ही एक ओळ न वाचता 'चिप उडाली, नवा घे' सांगणाऱ्या सिनियरचा सल्ला घेऊ नका, मग तो कितीही अनुभवी असो.

घाबरायचं कारण नाही. १.८ व्होल्टने फ्लॅश जळत नाही. तार काढा, ईएन दाबा, बोर्ड परत उठतो.

कायमचा इलाज म्हणजे एसडी कार्ड व्हीएसपीआयवर न्या : १८, १९, २३ आणि सिलेक्ट ५. पिन ५ सुद्धा स्ट्रॅपिंगचीच, पण तिला वरच राहायचं असतं आणि सिलेक्टची लाइनही रिकामी असताना वरच असते, म्हणून जमतं. ई-फ्यूज (चिपमधली एकदाच लिहिता येणारी नोंद) जाळून व्होल्टेज ३.३ वर पक्कं करायचा शॉर्टकटही सांगितला जातो. तो परत फिरवता येत नाही. काही जुन्या रोव्हर (व्रूमचं भावंड) मॉड्यूलमधली फ्लॅश खरोखरच १.८ ची आहे. तिथे हे केलंत तर मात्र बोर्ड नक्की गेला. तार हलवायला पाच मिनिटं लागतात, तार हलवा.

'ब्राउनआउट डिटेक्टर' असा संदेश वायफाय चालू होतानाच येत असेल तर वीज कमी पडते आहे. पाठवताना चिप २४० मिलिअँपिअरपर्यंत खेचते, आणि एस्प्रेसिफ ५०० देऊ शकणारा पुरवठा मागते. बोर्डावरच्या एएमएस१११७ या व्होल्टेज रेग्युलेटरला ३.३ काढायला आत एक व्होल्टहून जास्त फरक लागतो, त्यामुळे ३.७ ची लिथियम सेल व्हीआयएनला जोडून चालणार नाही. ३.३ च्या पिनेजवळ ४७० मायक्रोफॅरड लावा, तारा आखूड करा. कोडमधून डिटेक्टरच बंद करायची ओळ नेटवर सर्रास सापडते. ती टाकू नका. बोर्ड तेव्हा गप्प बसतो आणि आकडे चुकवायला लागतो.

वायफाय चालू असताना एडीसी२ (चिपमधला व्होल्टेज मोजणारा दुसरा भाग) च्या पिना वाचता येत नाहीत. सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनांवर घ्या. ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुलअप नाही.

कोडच कोसळला तर 'गुरू मेडिटेशन एरर' येते. नाव बघून हसू नका, तिच्यात सगळं असतं. 'लोडप्रोहिबिटेड' आणि ईएक्ससीव्हॅडर (ज्या पत्त्यावर वाचायला गेला तो) शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ असेल तर बहुतेक रिकाम्या पॉइंटरला हात घातलाय. खालची बॅकट्रेसची ओळ, म्हणजे कोड कुठून कुठे गेला त्याचा माग, पत्त्यांची असते. प्लॅटफॉर्मआयओमध्ये एक्सेप्शन डिकोडर फिल्टर लावला की फाइल आणि ओळ क्रमांक मिळतो, आयडीएफचा (एस्प्रेसिफच्या स्वतःच्या टूलकिटचा) मॉनिटर तो आपणहून देतो. मात्र ईएलएफ फाइल (बिल्डमधून निघणारी, पत्त्यांची नावं सांगणारी) त्याच बिल्डची हवी जो बोर्डात आहे. मध्ये एक ओळ बदलून पुन्हा बिल्ड केलंत, तर डिकोडर तितक्याच आत्मविश्वासाने भलतीच ओळ दाखवतो.