घाट उतरून कोकणात आलात आणि लेकराला जास्तीची काळजी लागते, तर हे वाचा

दरवर्षी आमच्या तालुक्यात नवीन शिक्षक येतात, बीड, लातूर, सोलापूर, परभणीकडचे, आणि त्यातल्या एखाद्याच्या घरी आमच्यासारखं लेकरू असतंच. मग कोणीतरी माझा नंबर देतं, मी तेच तेच फोनवर सांगत बसते, म्हणून आता एकदाच लिहून टाकते. आमच्या थोरल्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्यामुळे हातपाय नीट हलत नाहीत, फिटही येतात, आता दहावीच्या वयाचा झालाय आणि वाढला सगळा इथंच, लाल मातीत.

पहिलं सांगते ते कडू लागेल. आपली घाटावरची शिक्षक माणसं इथं येतात ती जायच्या तयारीनंच येतात. सामान अर्धं बांधलेलं, मोबाईलवर बदलीचे चार ग्रुप, शनिवारी शाळा सुटली की घाट चढायचा. एकट्या माणसाला चालतं तसं, पण लेकराच्या उपचाराला नाही चालत. "बदली झाली की पुण्यात नीट दाखवू" असं म्हणत दोन-तीन वर्षं काढलेले लोक मी बघितलेत, आणि ही वर्षं कुठली, तर लेकरू दोन वर्षांचं असताना ते पाच वर्षांचं होईपर्यंतची, मेंदू भराभर शिकतो तीच. दिव्यांग मुलांच्या पालकांना बदलीत विशेष संवर्ग भाग एकचा, म्हणजे प्राधान्यानं बदली मिळणाऱ्या गटाचा, फायदा आहे, तो जरूर घ्या, हक्काचा आहे. (खोट्या सर्टिफिकेटवर तो घेणारे पण आपल्यातच निघालेत आणि त्यांच्यामुळे खऱ्यांकडेही संशयानं बघतात, असो.) पण बदली होईल तेव्हा होईल, पोराचा फिजिओ या आठवड्यात सुरू व्हायला पाहिजे, इथं, आत्ता.

घर बघताना भाडं नंतर विचारा, आधी रस्ता बघा. इथल्या वाड्या डोंगरउतारावर असतात, घराकडे जायला पाखाडी असते, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. उन्हाळ्यात बघायला फार छान वाटते, पण पावसात तिच्यावर शेवाळ धरतं आणि बारा-चौदा किलोचं पोर कडेवर घेऊन उतरताना आपलाच पाय सटकतो, व्हीलचेअरचं तर नावच नको. गाडी दारापर्यंत येते असंच घर घ्या, मग ते जुनं असो नाहीतर गळकं असो, पत्रे बदलता येतात.

आता मुख्य गोष्ट. अशा मुलाला एक डॉक्टर पुरत नाही. बालरोगतज्ज्ञ, न्यूरोवाले, हाडांचे, डोळ्यांचे, फिजिओ, स्पीच, कधी दातांचे. आणि इथं हे सगळे एका गावात नाहीत. एक रत्नागिरीत, एक डेरवणच्या वालावलकर हॉस्पिटलला, एक कोल्हापुरात, सावंतवाडीकडचे लोक गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातात, आणि मोठं काही असलं तर मुंबईला वाडिया हॉस्पिटल नाहीतर हाजीअलीची पुनर्वसन संस्था. प्रत्येकजण आपापला अवयव बघतो, आख्खं लेकरू कोणीच बघत नाही. एकानं आखडलेपणासाठी गोळी दिलेली, दुसऱ्याला ते माहीतच नाही, तो म्हणतो पोरगा सुस्त का आहे, आणि तिसरा त्या सुस्तीवर टॉनिक लिहितो. हे मी वाढवून सांगत नाहीये.

म्हणून दोन गोष्टी करा. तुमच्या तालुक्याच्या गावातला एक बालरोगतज्ज्ञ पकडा, फार मोठ्या नावाचा नको, फोन उचलणारा पाहिजे, आणि त्याला सरळ सांगा की डॉक्टर, बाकी सगळीकडे आम्ही जाऊ पण आमचं सगळं तुम्हाला माहीत असेल. कोल्हापूरहून, मुंबईहून जे काही लिहून येईल ते आधी त्याला दाखवायचं. आणि दुसरं म्हणजे एक फाईल. सगळे कागद तारखेप्रमाणे, आणि वर एक पान आपल्या हातानं लिहिलेलं: आजाराचं नाव, वजन, आत्ता चालू असलेली औषधं मिलिग्रॅमसकट, कशाची ॲलर्जी, फिट शेवटची कधी आली, कोण कोण डॉक्टर आणि त्यांचे नंबर. दर वेळी वजन बदललं की पान नवीन. त्याचा फोटो नवऱ्याच्या, सासूच्या, शाळेतल्या बाईंच्या मोबाईलमध्ये ठेवा. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांनी १९६७ साली 'मेडिकल होम' म्हणून जी कल्पना मांडली ती पण मुळात एवढीच होती, की अशा मुलाचे सगळे कागद एका ठिकाणी असावेत, बाकीचं सगळं नंतर वाढत गेलं. आपल्याकडे ते ठिकाण म्हणजे आईची पिशवी, मग निदान ती पिशवी तरी नीट ठेवा.

डॉक्टरसमोर गप्प बसू नका. आपण मास्तर लोक वर्गात एवढं बोलतो आणि ओपीडीत मान हलवतो. फिजिओ जेव्हा रोज तासभराचे दहा व्यायाम लिहून देतो तेव्हा विचारा की यातले मी घरात कामं करता करता कुठले करू शकते, अंघोळीच्या वेळी कुठला, जेवताना कुठला. आणि तुम्हाला काय हवंय ते पण सांगा. आमच्या वेळी डॉक्टरांचं म्हणणं गुडघा सरळ व्हायला हवा, आणि माझं म्हणणं त्याला स्वतःच्या हातानं घास घेता यावा. दोन्ही बरोबर होतं, पण मी बोलले नसते तर हातावर कामच सुरू झालं नसतं. सेरेब्रल पाल्सी असेल तर अजून एक मागून घ्या, ठराविक काळानं खुब्याचा एक्स-रे, कारण खुबा हळूहळू सरकतो आणि दुखायला लागेपर्यंत कळत नाही.

आता माझं नेहमीचं रडगाणं, आणि हे तीनदा वाचा. फिटचं औषध एक दिवसही संपू देऊ नका. एका सहकाऱ्याच्या मुलीचं औषध दर महिन्याला त्यांच्या गावाकडून यायचं, तिथल्याच डॉक्टरांचं, तिथल्याच दुकानातलं. जुलैमध्ये दरड कोसळून घाट बंद, कुरिअर अडकलं, इथला दुकानदार म्हणतो उद्या येईल, उद्या परत उद्या. दोन-तीन दिवस औषध नाही आणि मग रात्री फिटवर फिट, थांबेचना, वीज गेलेली, पाऊस धो धो. मुलगी वाचली, पण कितीतरी दिवस आयसीयूत होती आणि जे चार शब्द बोलायला शिकली होती ते परत यायला वर्ष गेलं. खर्च विचारू नका, भविष्य निर्वाह निधीतून काढले त्यांनी. फिटची औषधं अचानक थांबली की साधी फिट नाही, न थांबणारी येऊ शकते, हे डॉक्टर सांगतात पण घाईत सांगतात.

तर मे महिन्यातच दीड-दोन महिन्यांचा साठा घरात. आंबा, कुंभार्ली, करूळ, आंबोली, कुठलाही घाट पावसात बंद पडू शकतो आणि रेल्वेचंही तेच. औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ नाव पाठ करा, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम जे असेल ते. सिरप असेल तर किती एमएलमध्ये किती मिलिग्रॅम ते बघा, बाटली बदलली की ताकद बदलते आणि आपण मात्र तेवढंच झाकण पाजत राहतो. नाकात मारायचा मिडॅझोलमचा स्प्रे डॉक्टरांना विचारून लिहून घ्या आणि घरातल्या दोघांना तरी वापरायला शिकवा. फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा नाही, चप्पल नाही, चमचा तर नाहीच, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली की स्प्रे आणि १०८. झालं, यावर अजून बोलू शकते पण थांबते.

सरकारी दवाखान्याला नाक मुरडू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरला म्हणजे कोकणातच सुरू झाला, त्यात अठरा वर्षांपर्यंतची मुलं येतात, त्यांची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. आपण स्वतः शाळेत असतो, त्या पथकाच्या डॉक्टरांना आपलं लेकरू दाखवायला लाज कसली? जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा, म्हणजे डीईआयसीचा, विचारच असा आहे की बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, स्पीच, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक सगळे एका छताखाली, फुकट. कागदावरच्या जागा आणि भरलेल्या जागा यात फरक असतो, म्हणून जायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा कोण आहे. नसलेल्या माणसासाठी एसटीत चार तास घालवू नका.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, लगेच काढा. आधारवर पत्ता गावाकडचा असला तरी जिथं उपचार चालू आहेत तिथल्या रुग्णालयाकडे अर्ज करता येतो, त्यासाठी रजा काढून गावाकडे पळू नका. मुलांना बरेचदा मुदतीचं प्रमाणपत्र देतात, तारीख बघून ठेवा. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व धरलेत, ऑटिझम आणि शिकण्यातली अडचण पण त्यात आहे, "त्याचे हातपाय तर चांगले आहेत" म्हणून कोणी परत पाठवलं तर ऐकू नका. कार्ड असलं की एसटीला सवलत, रेल्वेच्या सवलतीचं मात्र वेगळं विचारून घ्या. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर निरामय हा सरकारी आरोग्य विमा घ्या, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी तपासणी नाही, आणि थेरपीचे पैसे पण त्यात धरतात, फक्त पावती जपा. खास बूट, स्प्लिंट (पाय सरळ धरणारा आधार) वगैरे शिबिरात मिळतं, पण पोर वाढतं आणि स्प्लिंट वाढत नाही, शिवाय पावसात ओल्या मोज्यानं कातडी सोलते, रोज संध्याकाळी पाय बघा.

शाळा. सहा ते अठरा वयाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षण हा त्याचा हक्क आहे, आणि गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. आपल्याच खात्यातले आहेत, त्यांना घरी चहाला बोलवा.

कोकणी माणसाबद्दल आपल्यात फार बोललं जातं, आखडू आहेत, चिकट आहेत. तसं काही नाही. ते विचारत नाहीत एवढंच. आपल्याकडे पहिल्या दिवशी सात बायका येऊन "काय झालं गं याला" विचारतील, इथं सहा महिने कोणी विचारणार नाही आणि आपल्याला वाटतं वाळीत टाकलं की काय. आपणच सांगायचं, एकदा मोकळेपणानं, मग शेजारची आजी रोज पेज घेऊन येते. चावायला-गिळायला त्रास असलेल्या मुलाला मऊ भात आणि घट्ट पेज बरेचदा सोपी जाते, फक्त भरवताना सरळ बसवून, आडवं कधीच नाही. ती आजी एक दिवस म्हणेल की देवाला कौल लावूया, गाऱ्हाणं घालूया. जा. नारळ द्या. तिचा जीव लागलाय म्हणून म्हणते ती. फक्त "आता औषध बंद करा" असं कोणी म्हणालं तर मान हलवून घरी यायचं आणि औषध द्यायचं.

ऑटिझमवाल्या मुलांसाठी शिमगा अवघड जातो, पालखी दारात येते, ढोल कानाशी वाजतो. मानकऱ्यांना आधी जाऊन सांगितलं तर ढोल जरा लांब थांबवतात, आमच्या वाडीत थांबवतात. गणपतीत मात्र कशाचीच अपेक्षा ठेवू नका, चाकरमानी आलेले, गाड्या भरलेल्या, फिजिओ स्वतःच्या गावी गेलेला. त्या दिवसांतली मुंबईची तारीख घेऊच नका.

आणि लेकरू सतरा वर्षांचं झालं की पालकत्वाची चौकशी सुरू करा. अठरानंतर कायद्यानं आपण आपोआप त्याचे पालक राहत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बहुविध दिव्यांगत्व यांच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिथं अर्ज करायचा. आमच्याला अजून वेळ आहे, पण आम्ही आत्तापासूनच त्या कागदांच्या मागे आहोत, ज्यांची मुलं त्या वयाला आलीत त्यांनी फोन करा, एकाच दिवशी कलेक्टर ऑफिसला जाऊ, गाडीभाडं तरी वाटून घेता येईल.