ड्यूक कंट्रोलरचं ए बटण चिकटतंय? असं साफ केलं
ड्यूक म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स गेम कन्सोलसोबत 2001 ला आलेला तो अवाढव्य कंट्रोलर. ए बटण दाबलं की खालीच अडकायचं, हळू दाबलं तर काहीच नाही. ब्लोअर मारला, बाहेरून कापसाचं इअरबड फिरवलं, तात्पुरता फरक, जाम वैताग.

शेवटी उघडला. केबल काढून मऊ कापडावर पालथा ठेवा, मागचे सगळे स्क्रू काढा आणि झाकण अगदी सावकाश उचला कारण व्हायब्रेशन मोटरच्या वायरी आतल्या सर्किट बोर्डाला असतात, खेचल्या तर तुटतील. बोर्ड उचलला की रबराचा पॅड दिसतो, माझ्याकडे ए च्या कडेला कोल्ड्रिंकचा काळा चिकट थर बसलेला. बटणं आणि रबर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, बोर्डावरचे कॉन्टॅक्ट (बटण दाबल्यावर रबर टेकतं त्या जागा) फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच टिपा, घासू अजिबात नका, कारण ही बटणं दाब किती तेही मोजतात. रात्रभर वाळवा, मगच बंद करा. आता हलका दाबही लगेच घेतोय.