विटांच्या जुन्या इमारतीची भूकंप-तपासणी: या चुका टाळा

“आपलं ऑडिट झालंय” असं मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी सांगितलं की भूकंपाचा विषय तिथेच मिटतो. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. पण त्या अहवालात बहुधा गळती, गंजलेल्या सळ्या आणि फुगलेलं प्लास्टर एवढंच असतं. आडवा हादरा भिंती सोसतील का, हे त्यातून कळत नाही. ते हवं असेल तर आयएस १३९३५ (विटा-दगडांच्या इमारतींच्या भूकंप-तपासणीचं भारतीय मानक) नुसार तपासणी, असं वर्कऑर्डरमध्येच लिहा.

दुसरी चूक म्हणजे स्लॅबवर रिबाउंड हॅमर (काँक्रीटची ताकद अजमावणारं उपकरण) मारून आकडे आणायचे आणि निर्धास्त व्हायचं. लोड बेअरिंग इमारतीत कॉलम नसतात, भार भिंतींवर असतो. आणि भिंतीची ताकद विटांइतकीच सांध्यातल्या मालावर ठरते. हातभर प्लास्टर काढून सांधा किल्लीने खरवडा. भुगा पडला तर पुढची चाचणी टाळू नका: शेजारची वीट काढून छोट्या जॅकने एक वीट ढकलतात आणि सांधा किती जोरावर सरकतो ते मोजतात.

“आमची भिंत चांगली जाड आहे” हाही फसवा दिलासा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीत पडलेल्या दगडी भिंती जाडच होत्या. तिथे कमी पडली ती बांधणी: आतला-बाहेरचा थर एकमेकांत गुंतलेला नव्हता, आणि डोक्यावर मातीचं जड धाबं. विटांच्या इमारतीतही कोपरे सांधलेले आहेत का, लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या माथ्याशी) सलग आरसीसी पट्टा आहे का, स्लॅब भिंतीला धरून आहे का, हे आधी बघायचं.

मंजूर नकाशावर विसंबणं तर सगळ्यात महागात पडतं. तळमजल्यावर दुकानासाठी भिंत काढून गर्डर टाकलेला असतो, वर कुणी हॉल-किचन एक केलेलं असतं. प्रत्येक मजला, प्रत्येक फ्लॅट टेप घेऊन मोजायला हवा. आयएस ४३२६ या भूकंपरोधक बांधकामाच्या मानकाप्रमाणे तीन-चार मजली इमारतीत भिंतीतल्या दारं-खिडक्यांची एकूण रुंदी, इमारतीच्या भूकंप-वर्गानुसार, भिंतीच्या लांबीच्या ३३ ते ४२ टक्क्यांच्या आत हवी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग दिसली तर पुट्टी मारण्याआधी फोटो काढून ठेवा.

गच्चीही सुटते. मोकळा उभा कठडा आधी रस्त्यावर येतो. नंतर बसवलेली ५,००० लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन ५ टन; ती कुठल्या भिंतीवर टेकलीय, हे इंजिनिअरला विचारा.