पुस्तकावरून काढलेला फँटसी सिनेमा: रिव्ह्यू आणि लोकांची मतं कशी वाचायची

आवडत्या कादंबरीवर सिनेमा आला की पहिल्यांदा आपण मोबाईलवर टक्के बघतो आणि कमी दिसले की प्लॅन कॅन्सल. असं करू नका. तक्रार काय आहे आणि ती कोण करतंय हे बघा, मग ठरवा.

आधी आकडा समजून घ्या. रॉटन टोमॅटोज ह्या समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या वेबसाइटवर ९०% म्हणजे शंभरपैकी नव्वद मार्क नव्हेत, शंभरातल्या नव्वद समीक्षकांचं मत एकंदर बरं पडलं एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना नुसता "ठीक आहे, बघा" वाटला तरी तिथं १००% दिसणार, आणि ज्याच्यावर निम्मे जीव टाकतात, निम्मे शिव्या घालतात तो ५०% वर अडकणार. फँटसीत हा दुसरा प्रकार लई बघायला मिळतो आणि मला तरी असलेच सिनेमे जास्त आवडतात. मेटाक्रिटिक ह्या दुसऱ्या वेबसाइटवर समीक्षकांच्या मार्कांची सरासरी असते, म्हणून दोन्ही उघडा. एकीकडे टक्के भरपूर आणि दुसरीकडे साठच्या आसपास असेल तर समजायचं की बहुतेकांना बरा वाटला, भारी फार कुणाला नाही. सिनेमास्कोर ह्या प्रेक्षकांची मतं घेणाऱ्या कंपनीची ग्रेड अमेरिकेत पहिल्या दिवशी बघायला आलेल्यांना विचारून काढतात, आणि पहिल्याच दिवशी पळत जाणारे बहुतेक फॅनच असतात, त्यामुळं तिथं साधी बी ग्रेड आली तरी सावध व्हायचं.

आता मत देणाऱ्यानं पुस्तक वाचलंय का ते शोधा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी आपल्या सांगलीत सीतास्वयंवर नाटक केलं तेव्हा रामाची गोष्ट सगळ्यांनाच माहीत होती, पण कादंबरीवरच्या सिनेमाला थिएटरात अर्ध्यांना पुढचं सगळं ठाऊक असतं आणि अर्ध्यांना काहीच नाही. हॅरी पॉटरचा तिसरा सिनेमा, २००४ चा, आमच्या विश्रामबागच्या घरी लावला होता तेव्हा पुस्तक वाचलेली भाची शेवटी उसळलीच, "मामा, तो नकाशा कुणी केला हे सांगितलंच नाही की!" आणि शेजारी बसलेल्या तिच्या तासगावच्या मैत्रिणीला असं काही राहिलंय हेच कळलं नव्हतं, तिला सिनेमा जाम आवडला. दोघीही बरोबर आहेत. भाचीची तक्रार पुस्तकप्रेमीला उपयोगाची, मैत्रिणीचं मत न वाचलेल्याला. समीक्षकांनी ह्या सिनेमाचं भरपूर कौतुक केलं, तरी मूळ आठ सिनेमांत सगळ्यात कमी गल्ला ह्याचाच, म्हणजे गल्ल्यावरून सिनेमा कसा आहे ते कळत नाही.

एकाच कमी आकड्यामागं किती वेगवेगळी कारणं असतात त्याला २००७ चा 'द गोल्डन कंपास' बघा. फिलिप पुलमन यांच्या कादंबरीवरचा. काही ख्रिश्चन संघटना म्हणाल्या हा चर्चविरोधी आहे, बहिष्कार टाका, आणि पुस्तकाचे चाहते म्हणाले चर्चवरची टीका तुम्ही पार बोथट केली. वर पुस्तकाचा शेवट कापून पुढच्या भागासाठी ठेवला आणि पुढचा भाग आलाच नाही. अमेरिकेत धंदा पडला, बाहेरच्या देशांत त्याच्या कितीतरी पट चालला, व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्करही मिळालं. नुसता आकडा वाचणाऱ्याला ह्यातलं काय कळणार?

म्हणून रिव्ह्यू वाचताना "पुस्तकासारखा नाही" हे वाक्य आलं की तिथं थांबा आणि पुढं कारण दिलंय का बघा. प्रसंग गाळला ही तक्रार असेल तर फार मनावर घेऊ नका, पाचशे पानं अडीच तासात बसत नाहीत. पण पात्र असं का वागलं तेच कळत नाही, असं न वाचलेला माणूस पण म्हणत असेल तर ती सिनेमाचीच चूक. दोन चांगले आणि दोन वाईट रिव्ह्यू पूर्ण वाचा, चारही जण एकाच जागेवर बोट ठेवत असतील तर तिथं नक्की काहीतरी गडबड आहे.

आपल्याकडं अजून एक भानगड, सांगलीत असे सिनेमे बऱ्याचदा हिंदी डबिंगमध्ये लागतात आणि समीक्षकानं बघितलेला असतो इंग्रजीत. डबिंग रटाळ असलं की चांगली पात्रंसुद्धा खोटी वाटतात, त्यामुळं इथल्या मित्रानं "बोअर आहे" म्हटलं तर पहिलं विचारायचं, कुठल्या भाषेत बघितलास?

आणि बघून आल्यावर ग्रुपवर स्वतः लिहाल तेव्हा पहिल्याच ओळीत सांगून टाका, पुस्तक वाचलंय का नाही, कुठल्या भाषेतला शो बघितला. शेवट फोडू नका. काय खटकलं तो एक प्रसंग नेमका लिहा, वाचणाऱ्याला त्यावरून ठरवता येतं.